दळणावळ

सारेमा बेटावर, पीरुक्यूलाच्या उत्तरेला
दगडांचं एक कडं उरलं आहे, कमरेएवढं,
आत जुनिपरचं झुडूप, एक बाटली, गोगलगायी.
इथे खुंटा होता, विल्मा सांगते,
खुंट्यावर अख्खं लाकडी घर,
त्याला चार पंख. मग म्हणते, नाही, सहा.
मग म्हणते, तू मोजायला आलीस की ऐकायला?

पहिला आदो.
जहागीरदाराच्या गिरणीतच दळायचं, असा हुकूम होता तेव्हा.
तो उठायची वाट बघत
त्याने सात हिवाळे बर्फावरून ओंडके ओढले.
पवनचक्की उभी राहिली त्या दिवशी
वारा पडला, तो अकरा दिवस.
लोक पोती टेकून बसले, घरी गेले, परत आले.
आदो शेपटाच्या दांड्याला खांदा लावून
घर फिरवत होता, पूर्व, दक्षिण, पुन्हा पूर्व,
भिकाऱ्याने दारं बदलावीत तसा.

मग प्रीदू. त्याच्याबद्दल बोलताना विल्मा हसते.
बारा मापांमागे एक माप दळणावळ ठरलेली,
पण घ्यायच्या मापाचा तळ अंगठाभर जास्त खोल.
गावाला ठाऊक होतं.
गावही बार्लीत चिमूटभर वाळू मिसळायचं.
हिशेब चुकता, आणि जातं
दोघांच्याही लबाडीने झिजत गेलं.

इंगेल त्याची सून.
नवरा झारच्या लढाईवर गेला,
परत आली टोपी, तीही दुसऱ्याचीच.
तिने कुणाला बोलावलं नाही.
वरची तळी उलटी केली, पोटावर पालथी पडली
आणि जात्याला टाकी लावली,
ठक ठक, दिवसभर, एकेक रेघ.
तिच्या हातांवर निळे ठिपके होते:
पोलादाचे उडालेले कण, कातडीखाली राहिलेले.
लग्नात, बाप्तिस्म्यात ती हात पुढे करायची,
इतर बायका अंगठ्या दाखवतात तसे.

टाकी लावली की दगड केसभर पातळ होतो.
मी विचारलं, जातो कुठे तो?
विल्माने आपल्या गालावर टिचकी मारली.
काळ्या पावात. दाताखाली कचकच यायची ना, तो.
सव्वाशे वर्षं आम्ही पवनचक्कीच खात होतो, मुली.
थोडी थोडी.

एवाल्ड इंगेलचा नातू. त्याच्याबद्दल ती भराभर सांगते.
मार्च महिना. ट्रक आला तेव्हा
तो वर घास घालत होता, बाहीला पीठ.
बायको, दोन मुली, एक गाठोडं. शिवणयंत्र नाही म्हणाले.
पंखांना खीळ घालू दिली नाही.
माणसांना घेऊन गेले
आणि चक्की वाऱ्यावर सोडून गेले.

रात्रभर ती रिकामीच फिरली.
धान्य संपल्यावर दगडावर दगड.
विल्मा नऊ वर्षांची. तिला वाटलं कुणीतरी
फार मोठं दात खातंय झोपेत.
पहाटे तिचे वडील गेले, दांडा धरून
घराचं तोंड वाऱ्यापासून फिरवलं.
मग कुणी ते परत फिरवलं नाही.

पुढचं सगळं बारीकसारीक.
फळ्या सामुदायिक शेतीच्या डुकरांच्या गोठ्याला.
खुंटा ओकचा, कापायला दोन दिवस, तीन करवती.
खालची तळी दुकानाच्या पायरीला, अजून आहे,
पावसात तिच्या रेघांतून पाणी बरोबर बाहेर पळतं.
वरची कुणी नेली
ते विल्माला माहीत आहे. सांगत नाही.
त्याची सून अजून दूध आणून देते.

आणि एवाल्ड?
एक मुलगी परत आली. तालिनला असते.
इथे एकदाच आली होती, वारा फार आहे म्हणाली.

मी वही मिटली. विल्माने हात पुढे केला.
दळून दिलं ना तुला? मग दळणावळ ठेव.
माझ्या पिशवीत शहरातला पाव होता, मऊ, कापलेला.
तिने बारा तुकडे मोजले, एक उचलला,
आणि डाव्या दाढेखाली चावत राहिली
सावकाश, जपून,
मध्येच काही लागेल म्हणून थांबत.